तीन आडव्या रेघा

तौलनिक साहित्याच्या अध्यापिकेने मांस भाजण्याच्या एका तापमापकाविषयी लिहावे, यात थोडा औचित्यभंग आहे, याची मला जाणीव आहे. नियतकालिकाच्या या विभागात अनुवाद, प्रभाव, ग्रहण अशा विषयांची चर्चा करण्याचा प्रघात आहे आणि तो योग्यच आहे. पण अलीकडे ‘ग्रहण’ या संज्ञेवर वर्गात बोलू लागले की माझ्या डोळ्यांपुढे एखादा ग्रंथ येत नाही. येते ती तळहाताएवढी प्लास्टिकची एक पेटी आणि तिच्या काचेवर उमटलेल्या तीन आडव्या रेघा. त्या रेघांचा हिशेब एकदा मांडून टाकावा, एवढाच या लेखनाचा हेतू.

२०२३ च्या ऑगस्टपासून पुढल्या वर्षीच्या मेअखेरपर्यंत मी टेक्सासमधील ऑस्टिन येथे अभ्यागत प्राध्यापक म्हणून राहिले. विद्यापीठापासून काहीशा दूर, ओकच्या झाडांच्या वस्तीत मला भाड्याचे घर मिळाले. पलीकडच्या घरात सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आणि त्यांची पत्नी अशी दोघेच राहत. गृहस्थ रस्तेबांधणीच्या कामातून निवृत्त झालेले. बोलणे बेताचे, पण प्रत्येक वाक्यामागे बराच वेळ विचार केलेला असावा असे. ते मला ‘प्रोफेसर’ म्हणत. त्यांच्या परसात लोखंडी नळकांड्याची एक प्रचंड भट्टी होती. तिला ते ‘पिट’, म्हणजे खड्डा, म्हणत. भट्टी जमिनीवर चार पायांवर उभी असताना तिला खड्डा का म्हणायचे, असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, “पूर्वी खड्डाच असायचा. खड्डा वर आला. नाव खालीच राहिले.” शब्दार्थाच्या इतिहासावर याहून नेटके वाक्य मी फारसे ऐकलेले नाही.

मध्य टेक्सासातील ही पाककृती मुळात जर्मन आणि चेक स्थलांतरितांच्या खाटीकखान्यांतून आली. न खपलेले मांस टिकावे म्हणून ते धुरावर धरीत. पुढे तोच धूर त्या मुलखाची ओळख झाला. ऑस्टिनच्या दक्षिणेला लॉकहार्ट नावाचे लहानसे गाव आहे, त्याला १९९९ साली राज्याच्या प्रतिनिधिगृहाने बार्बेक्यूची राजधानी म्हणून मान्यता दिली. तेथील मुख्य पदार्थ म्हणजे ब्रिस्केट, गाईच्या छातीचा कठीण स्नायू. तो पाच-सहा किलोंचा तुकडा ओकच्या लाकडाच्या धुरात, साधारण २२५ ते २५० अंश फॅरनहाइटवर, बारा-चौदा तास किंवा त्याहूनही अधिक काळ ठेवतात. त्या दीर्घ काळात स्नायूंना बांधणारे कोलॅजन हळूहळू विरघळते आणि मांसाचा अंतर्भाग २०० अंशांच्या थोडा पुढे गेला की चिवट तुकडा मऊ होतो. मी गोमांस खात नाही, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ज्या पदार्थाची मी रात्रभर राखण केली तो मी कधी चाखला नाही. शेजाऱ्यांना यात काही वावगे वाटले नाही. भट्टीच्या एका कडेला माझ्यासाठी रताळी ठेवण्याची प्रथा त्यांनी आपणहून सुरू केली.

आदल्या वर्षी त्यांच्या पत्नीला पक्षाघाताचा झटका आला होता. उजवे अंग लुळे पडले आणि वाचा गेली. वाचा गेली असे म्हणणेही पुरतेपणी बरोबर नाही. त्यांना सगळे समजत असे. शब्द मात्र ओठांशी येऊन परत जात. इस्पितळाची गाडी आली तर सोयीचे व्हावे म्हणून त्यांचा पलंग रस्त्याकडच्या खोलीत मांडलेला होता. भट्टी परसात, पलंग दर्शनी बाजूला, आणि मधे सबंध घर. चाळीस वर्षे हे गृहस्थ रात्रभर भट्टीपाशी खुर्ची टाकून बसत आले होते, आणि घरातून दर तासाने बाईंची हाक येई, “किती झाले?” आता बाईंना एकटे सोडून बाहेर बसता येत नव्हते, आणि भट्टी एकटी सोडून आत बसता येत नव्हते. मुलीने तोडगा म्हणून बिनतारी तापमापक पाठवला होता.

या यंत्राची रचना साधी आहे. एक पोलादी सुई मांसात खुपसायची. तिच्या टोकाशी असलेल्या कणाचा विद्युत्-रोध उष्णतेबरोबर कमी होतो. त्यावरून प्रक्षेपक तापमान ओळखतो आणि दर काही सेकंदांनी तो आकडा रेडिओलहरींवरून घरातल्या ग्राहक-पेटीकडे पाठवतो. खोक्यावर तीनशे फूट पल्ला लिहिलेला होता, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, उघड्या मैदानात. उघड्या मैदानात कोणाचेच बोलणे अडत नाही. त्यांच्या घरात साठ फुटांवरच आकडा पुसला जाई, त्याच्या जागी तीन आडव्या रेघा येत आणि पेटी कर्कश ओरडू लागे. बाई दचकून जाग्या होत. असे तीन-चारदा झाल्यावर त्यांनी भट्टी विकायला काढली. कुंपणाला टांगलेली ती पाटी मी पाहिली, आणि एरवी कोणाच्या घरात नाक न खुपसणारी मी म्हणाले, “मला एकदा ते यंत्र बघू द्या.”

हे धाडस माझे नव्हते. माझ्या वडिलांचे होते. अलिबागला त्यांचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. माझे बालपण राळेच्या वासात आणि अर्धवट लागलेल्या स्टेशनांच्या खरखरीत गेले. रेडिओ नीट ऐकू येत नाही अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक आले की दादा यंत्र उघडत नसत. प्रथम विचारीत, “ठेवता कुठे?” त्यांचा क्रम ठरलेला होता : आधी जागा बदल, मग तार बदल, शेवटी यंत्राला हात लाव. संध्याकाळी समुद्राकडे फिरायला नेताना ते मला चुंबकीय वेधशाळेची इमारत दाखवीत. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, त्यांच्यामुळे कुलाब्याच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली ते काम अलिबागला आणले गेले, आणि इमारतीच्या बांधकामात लोखंड टाळले. “पृथ्वीचे ऐकायचे तर एवढे शांत बसावे लागते,” असे दादा म्हणत. आपल्या गावाची निवड केवळ त्याच्या शांततेसाठी झाली, याचा मला त्या वयात विलक्षण अभिमान वाटे.

तेव्हा मी दादांच्या क्रमाने निघाले. आधी जागा. परसात जाऊन पाहते तो प्रक्षेपक भट्टीच्याच लोखंडी अंगाला टेकवलेला, आणि पावसापासून बचाव म्हणून त्याला ॲल्युमिनियमची फॉइल नीट गुंडाळलेली! धातूच्या वेष्टनातून रेडिओलहर बाहेर पडत नाही. बिचारा प्रक्षेपक मुसक्या बांधलेल्या माणसासारखा आतल्या आत बोलत होता. फॉइल काढून मी साधी प्लास्टिकची पिशवी चढवली. सुईची तार मीटरभर लांब होती, तेवढ्या अंतरावर लाकडी तिपाई ठेवून तिच्यावर प्रक्षेपक उभा केला. उंची वाढली की वाटेतले अडथळे कमी होतात. प्रक्षेपक उभा तर ग्राहकही उभाच हवा. एक उभा आणि एक आडवा असला की दोघांच्या तारा एकमेकींना दुरावतात. एवढ्याने आकडा स्वयंपाकघर ओलांडून माजघरापर्यंत आला आणि तिथे थबकला. माजघराच्या वाटेत फ्रीज होता. तो बाजूला सरकवला. पण त्यामागच्या भिंतीत उष्णतारोधक पत्रे होते, त्यांच्या एका अंगाला पुन्हा चकचकीत धातूचा पापुद्रा. भिंत कुठे सरकवणार?

भिंतीचा हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. १८९५ साली कलकत्त्यात जगदीशचंद्र बसूंनी भिंतीपलीकडे विद्युत्-लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखवली होती आणि बंदुकीची दारू पेटवली होती. याच बसूंनी पुढे बंगालीत निबंध लिहिले आणि १९२१ च्या संग्रहाला नाव दिले ‘अव्यक्त’. जे आहे पण प्रकट होत नाही, ते टिपण्यासाठी ज्याने आयुष्यभर नाजूक यंत्रे घडवली, त्याने हाच शब्द निवडावा, हे मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आले आहे. त्या दिवशी शेजाऱ्यांच्या माजघरात उभी असताना तो शब्द मला दुसऱ्याच कारणाने आठवला. आतल्या खोलीत एक स्त्री होती, तिच्या ठायी सर्व काही होते, आणि प्रकट काहीच होत नव्हते.

मग तार. हे यंत्र ४३३ मेगाहर्ट्झवर बोलत होते. त्या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर. एरियल लहरीच्या चौथाईइतकी असावी, हा दादांचा धडा. म्हणजे सव्वासतरा सेंटिमीटर. ग्राहक-पेटी उघडली तर आत जागेअभावी वेटोळे करून कोंबलेली तार निघाली. ती काढून मी त्या मापाची सरळ तांब्याची तार डाखली आणि पेटीला भोक पाडून वर काढली. प्रक्षेपकाला मात्र हात लावला नाही. तेथील नियम असा की बिनपरवाना लघुप्रक्षेपकाची शक्ती आपल्या मनाने वाढवायची नाही. ऐकणाऱ्याचा कान सुधारायला हरकत नाही. आणि वाढवून तरी काय मिळते? अंतर दुप्पट करायचे तर शक्ती चौपट लागते. उघड्या जागेचा हा हिशेब, भिंतींचा त्याहून कठोर. बोलणाऱ्याने घसा फोडण्यापेक्षा ऐकणाऱ्याने कान नीट करावा, हे तत्त्व मला दादांकडूनही मिळाले होते आणि माझ्या विद्याशाखेकडूनही.

पेटीच्या पाठीवर त्या देशाच्या कायद्याने घालायला लावलेली एक सूचना होती. तिचा आशय असा की, हे यंत्र इतरांना उपद्रव देणार नाही, आणि इतरांकडून होणारा उपद्रव, स्वतःचे काम बिघडले तरी, सहन करील. अलिबागच्या वेधशाळेच्या नेमकी उलट ही वृत्ती. तिथे उपद्रव टाळण्यासाठी गाव बदलले; इथे उपद्रव गृहीत धरूनच बोलायचे. माझ्या पिढीच्या अभ्यासकाला दुसरीच स्थिती लाभलेली आहे. निर्लोह इमारतीत बसून कोणतीही भाषा आता ऐकता येत नाही.

नव्या तारेने आकडा रस्त्याकडच्या खोलीच्या दारापर्यंत पोहोचला. उंबऱ्यावर आकडा दिसे; पलंगाशी गेले की तीन रेघा. सहा फुटांचा प्रश्न उरला होता. मी आणि शेजारी खोलीभर पेटी फिरवत होतो, खिडकीत, कपाटावर, खुर्चीच्या पाठीवर, आणि प्रत्येक जागी ती थोडा वेळ बोलून गप्प होई. अखेर पेटी पुन्हा उघडावी का, या विचारात आम्ही दोघे असताना बाईंनी डावा हात उचलला आणि मागच्या बाजूला बोट दाखवले. प्रथम आम्हांला कळले नाही. त्यांनी पुन्हा दाखवले. मग पलंगाच्या कठड्यावर थाप मारली, आणि पुन्हा मागे बोट. परसाच्या बाजूला त्यांची शिवणाची खोली होती. दीड वर्ष ती बंद होती.

मला स्वतःची लाज वाटली. ‘आधी जागा बदल’ हा मंत्र मी प्रक्षेपकाला लावला, ग्राहकाला लावला, फ्रीजला लावला. पलंग हलू शकतो, आणि पलंगावरच्या माणसाला त्याविषयी काही म्हणायचे असेल, हे मात्र मनातही आले नव्हते. शेजारी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मी हिला कधी विचारलेच नाही.” त्याच आठवड्यात मुलगी-जावई आले, शिवणाचे यंत्र एका कोपऱ्यात गेले आणि पलंग खिडकीशी लागला. खिडकीतून भट्टी समोर दिसत होती. तिथे आकडा ठळक येई. खरे पाहता आता यंत्राची फारशी गरजही नव्हती. पण माझ्या तारेचा मान राखण्यासाठी असेल, पेटी उशाशी राहिली.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी रात्री आठला भट्टी पेटली. मी रताळी घेऊन गेले होते. दीडच्या सुमारास आकडा १६२ वर आला आणि तिथेच बसला. दोन वाजले, तीन वाजले, १६२. यंत्र बिघडले, अशी माझी खात्री झाली. शेजारी हसले. हा टप्पा प्रत्येक ब्रिस्केटला येतो. अंतर्भाग दीडशे ते एकशे सत्तरच्या दरम्यान गेला की तापमान तासन्‌तास हलत नाही. मांसाला घाम येतो. त्या पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता जाते तेवढीच आगीतून मिळत राहते. मी त्यांना आमच्या घरचा माठ सांगितला. मडक्याच्या अंगातून पाणी पाझरते, उडते, आणि कडक उन्हाळ्यात आतले पाणी गार राहते. ज्या न्यायाने माठ थंडावतो त्याच न्यायाने ब्रिस्केट अडून बसते. ही गोष्ट त्यांना फारच आवडली. या अडीवर त्या लोकांचा एक उपाय आहे, मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळायचे, म्हणजे वाफ थांबते आणि आकडा चढतो. त्याला ते ‘टेक्सासची कुबडी’ म्हणतात. शेजाऱ्यांनी आयुष्यात ती वापरली नव्हती. “कुबडी लागत नाही,” ते म्हणाले, “वाट बघावी लागते.” आणि मग, कोपऱ्यात टेकवलेल्या बाईंच्या काठीकडे नजर जाऊन, ते एकदम थांबले.

त्या थांबलेल्या आकड्यासमोर बसणे मला सोपे नव्हते. २०२१ च्या मे महिन्यात दादा कोविडच्या कक्षात होते. कोणालाही आत सोडत नसत. दिवसातून एकदा फोन येई आणि पलीकडचा दमलेला आवाज एक आकडा सांगे, प्राणवायूचा. एक्क्याण्णव. एकोणनव्वद. पुन्हा एक्क्याण्णव. त्यापुढे एकच शब्द, “स्थिर.” मी दुसऱ्या प्रांतातल्या विद्यापीठाच्या वसतिगृहात अडकलेली, आई अलिबागच्या घरात. दादा काही म्हणाले का, त्यांना तहान लागते का, समुद्राचा आवाज तिथवर येतो का, यांतले काही त्या आकड्यात मावत नव्हते, आणि ते विचारण्याइतका वेळ त्या आवाजापाशी नव्हता. सहाव्या दिवशी फोन आला नाही. सातव्या दिवशी आला. ज्याने अवघ्या गावाला दूरचे ऐकायला शिकवले, त्याच्याविषयी आम्हांला एवढेच ऐकू आले.

म्हणून त्या रात्री १६२ कडे पाहताना मी मनातून घाबरले होते. स्थिर या शब्दावरचा माझा विश्वास उडालेला होता. पण त्या स्थिरतेच्या आत काही घडत असते, हे मला त्याच रात्री समजले. काटा हलत नसतो तेव्हाही आतले कठीण बंध सुटत असतात. आकडा फक्त ते सांगू शकत नाही. हे दादांना लागू होते असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे ही स्वतःची फसवणूक होईल. पण सहा दिवस मी त्या आकड्यालाच माझे वडील समजत होते, ती माझी चूक मला दिसली.

सहाच्या सुमारास खिडकी उजळू लागली. शेजारी खुर्चीत पेंगत होते. पेटीवरचा आकडा बदलला. मी काही बोलणार, तोच पलंगावरून आवाज आला. जाड, अडखळता, पण स्वच्छ. “एकशे त्रेसष्ट.”

शेजारी जागे झाले. कोणी काही बोलले नाही. पुढचा आकडा यायला सात-आठ मिनिटे लागली, आणि तोही बाईंनीच वाचला. वाचा गेलेल्या माणसाला मोजणी, वारांची नावे अशी पाठ झालेली मालिका पुष्कळदा शिल्लक राहते, हे मला ठाऊक होते. शेजाऱ्यांनाही सांगितले गेलेले होते. चमत्कार काही नव्हता. पण चाळीस वर्षे ज्या घरात “किती झाले?” हा प्रश्न आतून बाहेर जात होता, तिथे त्या सकाळी उत्तर आतून आले. एकशे सत्तरला बाईंनी फॉइलच्या गुंडाळीकडे बोट दाखवले. शेजाऱ्यांनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिले आणि निमूटपणे उठून मांस गुंडाळून आणले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी कुबडी वापरली. दहा वाजायच्या आत २०३ झाले.

मी मेअखेर निघाले तेव्हा कुंपणावर पाटी नव्हती. बाईंना तोवर आकड्यांखेरीज पाच-सहा शब्द येऊ लागले होते. त्यांत एक ‘प्रोफेसर’ होता, असे शेजारी म्हणत. मला तो ‘पोटॅटो’सारखा ऐकू येई. मी रताळ्यांची मानकरी असल्याने दोन्ही अर्थ चालण्यासारखे होते.

या डिसेंबरात अलिबागला गेले असता आईने पोपटी लावली. वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला, मडके उलटे करून भोवती जाळ. झाले की नाही हे कसे कळते, असे मी विचारले. प्रश्न लहानपणीच विचारायचा होता. पण तेव्हा मी यंत्रांत गुंतलेली असे. आईने ओंजळीतले पाणी मडक्यावर शिंपडले. ते चर्र करून उडाले. “ऐकलेस?” ती म्हणाली. मी ऐकले होते. तरीही तिने पुन्हा एकदा शिंपडले, आणि आम्ही दोघी वाकून ऐकत राहिलो.